टाका, गोंद आणि माझ्या चुका

डोळ्यातली वेल काढल्यावर तिच्या जागी लावायचा ग्राफ्ट टाक्यांनी शिवावा की गोंदाने चिकटवावा, हा प्रश्न तरुण नेत्रतज्ज्ञ मला अजूनही विचारतात. शोधनिबंधांतलं उत्तर त्यांना ठाऊक असतं. त्यांना माझा अनुभव हवा असतो. आणि अनुभव सांगायचा तर बऱ्या झालेल्या डोळ्यांबद्दल बोलून भागणार नाही. झाशी छावणीला लागून असलेल्या एका लहान रुग्णालयात मी माझ्या कामाची बहुतेक वर्षं काढली. मोतीबिंदूच्या मानाने ही शस्त्रक्रिया छोटी मानली जाते, पण माझ्या हातून जास्त चुका हिच्यातच झाल्या. त्या इथे सांगते, कारण त्यातल्या बहुतेक आजही कुठे ना कुठे होत असतात.

यजमानांची बदली झाशीला झाली म्हणून मी सांगली सोडून तिथे गेले. मे-जूनमध्ये झाशीचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. बुंदेलखंडाची जमीन ग्रॅनाइटची. शहराबाहेर दगडखाणी आणि खडीचे क्रशर आहेत. जवळच बबिनाला तोफांच्या सरावाची मैदानं आहेत. उन्हात आणि धुळीत दिवस काढणारी माणसंच तिथे जास्त: क्रशरवरचे मजूर, शेतकरी, टेंपोवाले, जवान. केवळ या रोगाचा अभ्यास करायचा म्हटलं असतं तरी याहून योग्य जागा सापडली नसती. वेल जगभर कुठे जास्त दिसते याचा आढावा कॅमेरॉन यांनी 1965 मध्ये घेतला होता. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण 37 अंशांपर्यंतच्या पट्ट्यात ती जास्त आढळते. झाशी 25 अंशांवर, म्हणजे ऐन पट्ट्यात येतं.

वेल म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाची मांसल, त्रिकोणी वाढ. ती बहुधा नाकाकडच्या कोपऱ्यातून निघते आणि हळूहळू बुबुळावर सरकते. नाकाकडूनच का, याचं एक पटण्यासारखं स्पष्टीकरण ऑस्ट्रेलियातले कोरोनिओ यांनी 1993 मध्ये मांडलं. कानाच्या बाजूने तिरपा येणारा सूर्यप्रकाश बुबुळातून वळतो आणि पलीकडच्या, नाकाकडच्या कडेवर एकवटतो. तिथल्या पेशी वर्षानुवर्षं तो मारा सोसतात. झाशीत या वाढीला नाखूना म्हणतात. माझ्याकडे येणारे लोक आधी कुणाकडून तरी सुरमा, मध किंवा गुलाबपाणी घालून आलेले असत. वेल बुबुळाच्या मध्याकडे गेली की नजर अंधूक होते, त्याआधीही बुबुळाचा आकार ओढला जाऊन तिरपा नंबर येतो, डोळा सतत लाल राहतो, खुपतो.

ती कापायची कशी, हा प्रश्न फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात तिला अर्म म्हटलं आहे, तिचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि आकड्याने उचलून छेद घेण्याची रीत दिली आहे. कापणं अवघड नाही, हे तेव्हापासून माहीत आहे. अवघड आहे ते तिला परत येऊ न देणं.

माझी पहिली चूक इथलीच. मी शिकले ती पद्धत सोपी होती: वेल कापायची आणि खालचं पांढरं श्वेतपटल उघडं ठेवायचं. ऑस्ट्रेलियातले डॉम्ब्रेन यांनी 1948 मध्ये तिचं वर्णन केलं आणि नंतर कित्येक वर्षं ती सगळीकडे चालली. शस्त्रक्रिया लवकर उरकते, टाका घालावा लागत नाही, खर्च कमी. दुसऱ्या दिवशी डोळा स्वच्छ दिसतो आणि रुग्ण हात जोडतो. मी समाधानी होते. माझ्याकडे परत येणाऱ्या वेली थोड्या होत्या, म्हणून माझा हात चांगला आहे असं मी धरून चालले.

प्रत्यक्षात परत येणारे रुग्ण थोडे होते. जवानाची पलटण हलत असे. मजूर दुसऱ्या खाणीवर जात असे. ज्याच्या डोळ्यात वेल पुन्हा वाढली तो माझ्याकडे कशाला येईल? तो दुसऱ्या डॉक्टरकडे जात असे. एकदा बबिनाकडच्या एका गावात आमचं तपासणी शिबिर होतं. तिथे मीच शस्त्रक्रिया केलेली काही माणसं रांगेत उभी दिसली. वेल परतली होती आणि पहिल्यापेक्षा जाड, लाल, खालच्या थराला घट्ट चिकटलेली होती. त्यांतला एक वयस्कर शेतकरी म्हणाला, ‘‘बाई, तुम्ही काढलीत तेव्हा बारीक होती. आता ही बघा.’’ त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याला वाटत होतं की त्याचं नशीब तसं. मी त्याला तिथेच सांगायला हवं होतं की यात नशिबाचा भाग कमी आणि पद्धतीचा जास्त आहे. मी ते सांगितलं नाही, आणि ते न सांगणं मूळ चुकीइतकंच मला लागून राहिलं आहे.

श्वेतपटल उघडं ठेवण्याच्या पद्धतीत वेल परतण्याचं प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत चौथ्या हिश्श्यापासून ते दहात आठांहून अधिक इतकं आढळलं आहे. हे आकडे मी वाचले होते. ते दुसऱ्यांच्या रुग्णांचे आहेत असं मानून पुढे गेले होते. ज्या डॉक्टरकडे वर्षभराची नोंद नाही त्याने ‘माझ्याकडे वेल परतत नाही’ असं म्हणू नये, एवढं मी त्या शिबिरात शिकले.

दुसरी चूक जास्त गंभीर होती. पुनरावृत्तीला घाबरून मी मायटोमायसिनकडे वळले. पेशींची वाढ थांबवणारं हे औषध वेलीसाठी जपानमध्ये 1960 च्या दशकात वापरात आलं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर, ठरलेल्या ताकदीचं, थोडी मिनिटं कापसाच्या बोळ्याने लावून भरपूर पाण्याने धुऊन टाकलं तर त्याचा उपयोग होतो. मी मात्र थेंबांची बाटली रुग्णाच्या हातात दिली. किती दिवस घालायचे ते कागदावर लिहिलं. त्या बाईंना वाचता येत नव्हतं. डोळ्याला बरं वाटतं म्हणून त्या बाटली संपेपर्यंत थेंब घालत राहिल्या. काही महिन्यांनी त्या आल्या तेव्हा जिथून वेल काढली होती तिथलं श्वेतपटल इतकं पातळ झालं होतं की खालचा निळसर काळा थर दिसत होता. मी त्यांना मोठ्या संस्थेत पाठवलं. तिथे त्या जागी दुसऱ्या श्वेतपटलाचा तुकडा बसवला. डोळा वाचला, पण नजर पूर्वीसारखी राहिली नाही.

या औषधाच्या थेंबांनी होणाऱ्या गंभीर इजांबद्दलचा लेख अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 1992 मध्येच प्रसिद्ध केला होता. श्वेतपटल विरघळणं, काचबिंदू, बुबुळाला सूज, सगळं त्यात होतं. मी तो वाचलेला नव्हता. जे औषध वापरायचं त्याचे धोके न वाचता वापरलं, याला हलगर्जीपणाशिवाय दुसरं नाव नाही. त्या बाईंचा डोळा कोरडा होता आणि अशा डोळ्यात ते औषध आणखी घातक ठरतं, हे तपासण्याइतकाही वेळ मी घेतला नव्हता.

यानंतर मी ग्राफ्टकडे आले. वेल काढल्यावर उघड्या पडलेल्या जागेवर त्याच डोळ्याच्या वरच्या भागातलं, पापणीखाली झाकलेलं, उन्हाचा मारा न लागलेलं आवरण काढून लावायचं. केनियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये 57 डोळ्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांत तीनच ठिकाणी वेल परतली होती. ते वाचून आणि एका ज्येष्ठ सहकाऱ्याचं काम प्रत्यक्ष पाहून मी ती पद्धत उचलली. तेव्हा गोंद आमच्याकडे नव्हता. सगळं शिवायचं ते आठ शून्याच्या व्हिक्रिलने किंवा दहा शून्याच्या नायलॉनच्या दोऱ्याने.

शिवण्यात वेळ जातो, आणि वेळ वाचवण्यासाठी मी ग्राफ्टमध्ये काटकसर केली. उघडी जागा नीट मोजायची आणि ग्राफ्ट तिच्यापेक्षा दोन्ही बाजूंनी थोडा मोठा घ्यायचा, हा नियम आहे, कारण तो आकसतो. मी अंदाजाने तेवढ्यास तेवढा घ्यायचे आणि कमी पडला की टाक्याने ओढून बसवायचे. ओढून बसवलेल्या ग्राफ्टच्या टाक्यांवर ताण येतो. दोरा आवरणातून चिरत जातो, कड मागे सरकते, मधे फट पडते आणि वेल नेमकी त्या फटीतून परत येते. दुसरी गोष्ट म्हणजे ग्राफ्टच्या खालचा टेनन नावाचा तंतुमय थर. तो ग्राफ्टला चिकटून आला तर ग्राफ्ट जाड होतो, सुजतो, जास्त आकसतो. तो सोडवून आवरण कागदासारखं पातळ काढायला संयम लागतो. माझा संयम यादीतल्या पाचव्या-सहाव्या रुग्णापर्यंत टिकत नसे. अशा ग्राफ्टचा दोष मी कित्येक दिवस दोऱ्याला देत होते.

दोऱ्याचा खरा दोषही होता, आणि त्याकडे मी दुर्लक्ष केलं. मराठा पलटणीतला एक हवालदार होता, साताऱ्याकडचा. मराठी डॉक्टर भेटल्या म्हणून तो खूश होता. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी तो लाल डोळ्याने आला. ‘‘बाई, गोळी लागली तरी मी सुट्टी मागितली नसती. पण हे डोळ्यातलं खुपणं झोपू देत नाही,’’ तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, ‘‘टाके आहेत, खुपणारच. थोडे दिवस सोसा.’’ मी नीट दिव्याखाली पाहिलंही नाही. पुढच्या खेपेला पाहिलं तेव्हा टाक्याच्या गाठीचं टोक उलटं राहिलं होतं, ते पापणीच्या प्रत्येक हालचालीसरशी बुबुळावर घासत होतं आणि तिथे जखम झाली होती. गाठ काढायला मिनिटही लागलं नाही. पहिल्याच दिवशी काढली असती तर इतके दिवस त्याला ते सोसावं लागलं नसतं. वेदना हा टाक्यांच्या पद्धतीचा ठळक तोटा आहे, हे पुढे अनेक अभ्यासांत आलं. माझ्यासमोर तो हवालदार ते स्वतः सांगत होता आणि मी त्याला धीर धरायला सांगत होते.

व्हिक्रिल आपोआप विरघळतो, पण त्याला सुमारे दोन महिने लागतात आणि तोवर तो डोळ्याला चाळवत राहतो. काहींना टाक्याच्या जागी लाल मांसल गाठ येते. नायलॉन कमी चाळवतो, पण तो काढायला रुग्णाला परत यावं लागतं. झाशीत जो परत येईलच याची खात्री नाही त्याच्या डोळ्यात नायलॉन ठेवणं चूक होतं, आणि तीही मी केली.

मग गोंद आला. जैविक गोंदाची कल्पना नवी नव्हती. रक्त थांबवण्यासाठी फायब्रिनची पूड बर्गेल यांनी 1909 मध्ये वापरली होती. पुढे नोबेल मिळालेले पीटर मेडावर यांनी यंग यांच्याबरोबर 1940 मध्ये तुटलेल्या नसा फायब्रिनने जोडून पाहिल्या होत्या. वेलीच्या ग्राफ्टसाठी त्याचा वापर 1993 मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झाला. स्टॉकहोमच्या कोरानी आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये केलेल्या तुलनेत गोंदाने शस्त्रक्रियेला सरासरी 9.7 मिनिटं लागली आणि टाक्यांनी 18.5. वेदनाही गोंदात बऱ्याच कमी होत्या. दुसऱ्या वर्षी त्यांनीच जास्त रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा मांडला. त्यात गोंदाच्या गटात 5.3 टक्के डोळ्यांत आणि टाक्यांच्या गटात 13.5 टक्के डोळ्यांत वेल परतली होती.

गोंदाचं काम समजायला सोपं आहे. एका कुपीत फायब्रिनोजेन असतं, दुसरीत थ्रॉम्बिन. जखमेवर रक्त गोठताना शेवटच्या पायरीला जे घडतं तेच या दोन थेंबांच्या भेटीत घडतं आणि फायब्रिनचं जाळं तयार होतं. थ्रॉम्बिन दाट असेल तर काही सेकंदांत, पातळ केलं तर मिनिटभरात. काही दिवसांत शरीर ते जाळं जिरवून टाकतं, तोवर ग्राफ्ट धरलेला असतो.

ही सेकंदांची घाई मला भोवली. एका शस्त्रक्रियेत ग्राफ्ट उचलताना कडेने गुंडाळला गेला. उलगडून बसवला, थेंब टाकले, तो लगेच धरला. पुढच्या तपासणीत तो फिकट आणि सुजलेला दिसला, नंतर सुटून आला. तो उलटा लागला होता. आवरणाची वरची बाजू खाली गेली की ते मुळी धरतच नाही. शिवताना प्रत्येक कोपरा चिमट्याने पकडावा लागतो, त्यामुळे बाजू ओळखायला वेळ मिळतो. गोंद तो वेळ देत नाही. यावर उपाय साधा आहे: ग्राफ्ट कापण्याआधीच वरच्या बाजूला जेंशियन व्हायोलेटची खूण करायची आणि बुबुळाकडची कड कोणती तेही लिहून ठेवल्यासारखं ठरवायचं. मला हे माहीत होतं. त्या दिवशी खुणेची पेन्सिल ट्रेमध्ये नव्हती आणि मी ती येईपर्यंत थांबले नाही.

गोंदातली माझी दुसरी चूक रक्ताची. गोंद रक्ताच्या थारोळ्यावर धरत नाही. खालून रक्त येत राहिलं तर ग्राफ्ट त्यावर तरंगतो आणि रात्रीत सरकतो. मी सुरुवातीला गोंदालाच रक्त थांबवू द्यायचे, कारण तो रक्त गोठवणारा पदार्थ आहे असं माझं गणित. आता आधी दाबून, गरज पडली तर हलका डाग देऊन जागा कोरडी करते, मगच गोंद उघडते. डागही जपून द्यावा लागतो, कारण जास्त जाळलेल्या जागेवर ग्राफ्टला पोषण मिळत नाही.

तिसरी चूक माणूस ओळखण्याची. क्रशरवर काम करणारा एक तरुण होता. त्याचा ग्राफ्ट मी गोंदाने लावला, डोळ्याला दुखत नव्हतं, म्हणून तो चौथ्या दिवशी कामावर गेला. धूळ गेली, डोळा चोळला, ग्राफ्ट निघून हातात आला. टाके असते तर त्याला खुपलं असतं आणि कदाचित तो घरी थांबला असता. पण माझी चूक गोंद निवडण्याची नव्हती. मी त्याला विचारलंच नव्हतं की रोजंदारी बुडवून तो किती दिवस घरी राहू शकतो. तो दोन दिवस म्हणाला असता. मग शस्त्रक्रिया पुढे ढकलून कामाचा हंगाम संपल्यावर करता आली असती, किंवा गोंदाबरोबर कोपऱ्यांना दोन टाके घालता आले असते. वेदना नसणं म्हणजे जखम भरणं नव्हे, हे त्याला समजावणं माझं काम होतं.

चौथी चूक सांगताना मला सर्वांत जास्त संकोच वाटतो. गोंदाचा संच महाग असतो आणि एका डोळ्याला त्यातले थोडेच थेंब लागतात. उघडलेला संच ठेवता येत नाही. म्हणून आम्ही एका दिवशी चार-पाच रुग्ण ठेवायचो आणि प्रत्येकासाठी निर्जंतुक सुईने वेगळा भाग काढायचो. खर्च वाटला जायचा. गरीब रुग्णाला त्याचा फायदाच होता. पण यादीत एक जागा रिकामी राहिली की ती भरायचा मोह होऊ लागला. ज्यांची वेल बारीक होती, वाढत नव्हती, नजरेला त्रास नव्हता, अशा काही जणांना मी ‘आताच काढून टाका, गोंदाचा दिवस आहे’ असं सांगितलं. त्यातल्या एका शाळकरी वयाच्या मुलाची वेल पुन्हा आली आणि पहिल्यापेक्षा मोठी आली. तरुण वयात वेल परतण्याची शक्यता जास्त असते, हे मला ठाऊक होतं. त्याला शस्त्रक्रियेची गरज नव्हती. त्याला टोपी, गॉगल आणि सहा महिन्यांनी तपासणीची गरज होती. त्याच्या वडिलांना मी हे नंतर सांगितलं. ते माझ्यावर रागावले, आणि ते बरोबर होते.

पाचवी चूक संमतीची. झाशीत नेवाळकर संस्थानिकांच्या काळापासून स्थायिक झालेली मराठी घरं आहेत. अशा एका घरातल्या आजी माझ्याकडे आल्या. सोवळंओवळं पाळणाऱ्या, चोख बोलणाऱ्या. त्यांच्या डोळ्याला गोंद लावला, डोळा छान झाला. नंतर त्यांच्या नातवाने कुठेतरी वाचून त्यांना सांगितलं की हा गोंद माणसाच्या रक्तातल्या द्रवापासून करतात आणि अनेक संचांत गाईच्या फुप्फुसातून काढलेलं ॲप्रोटिनिनही असतं. आजी मुद्दाम आल्या. ‘‘डोळा बरा केलात, तुमचे उपकार आहेत,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण अहो, मला एका शब्दाने विचारलं का नाही? मी कदाचित हो म्हटलं असतं. पण म्हणायचं मी होतं.’’

मी त्यांना उत्तर देऊ शकले नाही. संमतीपत्रावर त्यांची सही होती, पण त्यात गोंद कशाचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. रक्तदात्यांची तपासणी होते, विषाणू मारण्याच्या प्रक्रिया केल्या जातात, त्यामुळे संसर्गाचा धोका फार कमी आहे. तरी तो शून्य आहे असं कोणताही उत्पादक म्हणत नाही. ॲप्रोटिनिनची ॲलर्जी क्वचित होते, पण होते. हे सगळं दोन-तीन वाक्यांत सांगता येतं. मी ते सांगितलं नाही, कारण सांगितलं तर रुग्ण नकार देईल अशी मला भीती होती. म्हणजे निर्णय मी घेतला होता आणि सही त्यांची घेतली होती.

आता प्रश्नाकडे परत येते. गोंद चांगला की टाका? 2016 मध्ये कोक्रेन संस्थेने याचा आढावा घेतला. त्यात 14 यादृच्छिक चाचण्या होत्या. टाक्यांच्या तुलनेत गोंदाने वेल परतण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं आणि शस्त्रक्रियेचा वेळ सरासरी 17 मिनिटांनी कमी झाला. हे सगळेच सांगतात. त्याच आढाव्यात पुढे आहे की ग्राफ्ट सुटणं, आकसणं, मांसल गाठ येणं यांसारख्या गुंतागुंती गोंदाच्या गटात जवळपास दुप्पट होत्या. हे फार थोडे सांगतात. मीही बराच काळ पहिलाच अर्धा भाग रुग्णांना सांगत होते. गोंद नसेल तर रुग्णाच्याच रक्ताने ग्राफ्ट धरवण्याची तिसरी वाटही आहे. ब्रिटनमधल्या डी विट आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये ती मांडली, आणि भारतात खर्चाच्या कारणाने अनेकांनी ती उचलली. आजींसारख्या रुग्णाला मी आज तीच आधी सुचवीन.

माझं मत असं आहे. रुग्ण परत येऊ शकत असेल, घरी आराम करू शकत असेल, गोंद कशाचा ते ऐकून हो म्हणत असेल आणि संच योग्य तापमानात ठेवलेला असेल, तर गोंद. त्याला कमी दुखतं, डोळा लवकर पांढरा होतो आणि वेल परतण्याची शक्यता कमी. रुग्ण धुळीत लगेच जाणार असेल, डोळा चोळण्याची सवय असेल, ग्राफ्टवर ताण येत असेल, तर टाके, किंवा गोंद आणि कोपऱ्यांना दोन टाके. पण ज्याला वेल काढायचीच गरज नाही त्याला यातलं काहीच नको. आणि ग्राफ्ट पातळ, पुरेसा मोठा आणि सुलटा नसेल तर गोंद किंवा दोरा, कोणीही तो वाचवू शकत नाही. माझे बहुतेक बिघडलेले डोळे ग्राफ्ट जोडण्याच्या पायरीपर्यंत येण्याआधीच बिघडले होते.

तरुण डॉक्टरांना एक विनंती. वर्षभराचा पाठपुरावा ठेवा. वेल परतते ती बहुतेकदा पहिल्या वर्षातच, म्हणून त्याआधी आपल्या यशाचा आकडा कुणाला सांगू नका. जो रुग्ण आला नाही त्याला फोन करा. फोन लागला नाही तर त्याला बरा झाला असं धरू नका, नोंदीत ‘माहीत नाही’ असं लिहा. स्टिरॉइडचे थेंब कधी बंद करायचे ते रुग्णाला आणि त्याच्या घरच्या एकाला तोंडी सांगा, आणि दाब मोजा, कारण औषधाच्या दुकानातून ते थेंब महिनोन्‌महिने आणणारे रुग्ण मी काचबिंदूसह पाहिले आहेत.

आणि ज्यांच्या डोळ्यात वेल आहे त्यांना. उन्हात रुंद काठाची टोपी आणि बाजूंनीही झाकणारा गॉगल वापरा. समोरून झाकणारा पुरत नाही. डॉक्टरने शस्त्रक्रिया सुचवली तर चार गोष्टी विचारा: आत्ताच काढायची गरज का आहे, उघडी जागा कशाने झाकणार, ग्राफ्ट कशाने धरवणार आणि ते कशापासून बनलं आहे, आणि मला किती दिवस कामावर जाता येणार नाही. उत्तर समजेपर्यंत विचारत राहा. माझ्या ज्या रुग्णांनी हे विचारलं त्यांच्या बाबतीत माझ्या चुका कमी झाल्या.